ओसीडी आधीपासून होता, त्यात कोरोना. हात धुणं नेमकं कुठे थांबवायचं?

तुळस_इंदिरानगर | 9 जून 2021

नमस्कार मंडळी, इथे पहिल्यांदाच लिहितेय. दोन महिने नुसती वाचत होते. लांबण लागणार आहे, सांभाळून घ्या.

वय 36, इंदिरानगरला राहते, मिस्टर अंबडला कंपनीत, मुलगा 7 वर्षांचा, सासूबाई सोबत असतात. मला ओसीडी आहे (नको ते विचार परत परत येतात आणि तीच कृती परत परत करावीशी वाटते तो आजार), स्वच्छतेचाच. निदान 2014 ला झालं पण त्रास कॉलेजपासून होता, तेव्हा घरात म्हणायचे हिला मंत्रचळ लागलाय. माझी आजी पंचवटीत सोवळ्यातला स्वयंपाक करायची, कोणाचा पदर जरी लागला तरी परत आंघोळ, त्यामुळे माहेरी माझं कोणाला वेगळं वाटलंच नाही, आजीवर गेलीय म्हणून विषय संपायचा. लग्नानंतर मिस्टरांनीच डॉक्टरकडे नेलं. गोळ्या सुरू झाल्या आणि सोबत ईआरपी थेरपी. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, ज्याची भीती वाटते ते मुद्दाम हाताळायचं आणि नंतर हात धुवायचे नाहीत, जीव कितीही वरखाली झाला तरी तसंच बसून राहायचं, मग थोड्या वेळाने भीती आपोआप उतरते आणि मनाला कळतं की न धुताही काही होत नाही. मला थेरपीच्या मॅडमनी सीबीएस बसस्थानकावर नेऊन बसच्या दांड्याला हात लावायला लावला होता आणि त्याच हाताने वडापाव खायला लावला. रडत रडत खाल्ला मी तो. पण दीड वर्षात माझा ओसीडीच्या त्रासाचा स्कोअर 27 वरून 11 वर आला (40 पैकी असतो तो), मुलाला पोटाशी धरायला लागले, पाहुणे गेल्यावर सोफ्याची कव्हरं काढणं बंद झालं.

आणि मग मार्च 2020. फोन लावला की आधी खोकला, मग हात धुवा. जे न करायला मी जीव तोडून शिकले तेच अख्खा देश करायला लागला. मिस्टर एकदा म्हणाले, बघ तुझंच बरोबर होतं की, आणि मला ते ऐकून इतकं बरं वाटलं ना. आता मागे वळून बघितलं की वाटतं, घसरगुंडी तिथूनच सुरू झाली.

खरं सांगायचं तर पहिला लॉकडाऊन मला जडच गेला नाही. कोणी येत नाही, कोणी जात नाही, बाई बंद, सगळं माझ्या ताब्यात. सगळं उघडायला लागल्यावर त्रास सुरू झाला आणि या वर्षी दुसऱ्या लाटेत तर हाताबाहेरच गेलं. मार्चअखेर मेन रोडच्या बाजारात जायला 5 रुपयांची पावती लागायची आठवतंय ना, तासाभराची? मिस्टर काहीतरी आणायला गेले आणि ती पावती शर्टाच्या खिशात तशीच घरी आली. तेवढ्या कागदासाठी मी शर्ट टाकून दिला, कपाटाचा तो कप्पा दोनदा पुसला आणि ज्या हँगरला तो शर्ट असायचा तो अजून गॅलरीत पडून आहे. द्राक्षांचं तर सांगूच नका. नाशिकमध्ये राहून यंदा आमच्या घरात धड द्राक्षं खाल्ली गेली नाहीत, कारण मी एकेक मणी देठापासून तोडून मिठाच्या पाण्यात, मग सोड्याच्या पाण्यात, मग साध्या पाण्यात चोळून चोळून धुवायचे. मणी फुटायचे, पातेल्यात नुसता लगदा. मग टाकून द्यायचे आणि रडायचे. 21 एप्रिलला आपल्याकडे ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागून माणसं गेली, त्या रात्री मी झोपलेच नाही, रात्री दोनपासून पहाटेपर्यंत स्वयंपाकघर पुसत होते.

आत्ताची परिस्थिती म्हणजे दिवसाला चाळीस-पन्नास वेळा हात, एकेका वेळेला पाच-सात मिनिटं. बोटांच्या पेरांना भेगा पडून रक्त येतंय, पोळ्या लाटताना मीठ लागल्यासारखं झोंबतं. दुधाच्या पिशव्या भांड्याच्या साबणाने तीनदा. मिस्टर कंपनीतून आले की दारातच कपडे उतरवून थेट बाथरूममध्ये, मी बाहेर उभी राहून आता डोकं, आता पाय, परत एकदा हात असं सांगत राहते. ते बिचारे एका शब्दाने काही म्हणत नाहीत.

लिहायला बसले ते मुलामुळे. परवा तो बेसिनपाशी उभा होता, हाताचे तळवे माझ्यासमोर धरले आणि विचारलं, "आई, मी आता स्वच्छ झालो का?" दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा मी उत्तर दिलं नाही तर परत नळ सोडला.

माझा प्रश्न एवढाच आहे. आधी डॉक्टर म्हणायचे धुवू नको, आता सगळं जग म्हणतंय धूच. मग काळजी कुठे संपते आणि आजार कुठे सुरू होतो हे मी कशावरून ठरवायचं? माझ्या थेरपीच्या मॅडम नाशिक सोडून गेल्या, गोळी जुन्याच चिठ्ठीवर चालू आहे. यातून कोणी गेलंय का?

---

देवळाली_लोकल | 9 जून 2021

ताई, आहे मी पण. माझा ओसीडी चेकिंगचा. गॅस, कुलूप, गाडीचं हँडल लॉक. हात धुण्याचं मला काहीच नाही, त्यामुळे मला वाटलं होतं कोरोनाने आपल्याला काय फरक पडणार, पण एप्रिलमध्ये वडील पॉझिटिव्ह आले आणि घरात ऑक्सिमीटर आला. डॉक्टर म्हणाले दिवसातून तीन-चार वेळा बघा. मी वडिलांचं बघायचो, मग माझं, मग बोट बदलून माझं, मग दुसऱ्या हाताचं. 97 आलं तर 98 का नाही, 98 आलं तर मशीन बिघडलं नसेल ना. एका दिवसात मी साठ वेळा लावलंय ते, वहीत लिहून ठेवायचो म्हणून आकडा माहितीये. ती वही पण दुसऱ्यांदा तपासायचो. वडील बरे होऊन महिना झाला तरी माझं चालूच आहे. तुमच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही, पण "बिचारे एका शब्दाने काही म्हणत नाहीत" हे वाचून थांबलो, कारण माझी बायको पण असंच करते, मी विचारलं की म्हणते हो हो बघितलं मी, बंद आहे गॅस. बरं वाटतं, दहा मिनिटं.

---

गंगापूररोडकर | 10 जून 2021

ताई, मन खंबीर ठेवा. हे सगळे मनाचे खेळ आहेत. सकाळ-संध्याकाळ रामरक्षा म्हणा, अनुलोम-विलोम करा, बातम्या बघू नका. माझ्या बहिणीला पण फार भीती बसली होती, तिला फरक पडला. काळजी घ्या, देव आहे.

---

तुळस_इंदिरानगर | 10 जून 2021

काका, तुम्ही आपुलकीने लिहिलंत, मनापासून धन्यवाद. रामरक्षा मला लहानपणापासून पाठ आहे. पण आमच्या आजारात एक होतं, त्यात एखादा शब्द अडखळला की मला पहिल्यापासून सुरुवात करावी लागते, नाहीतर मुलाला काहीतरी होईल असं मनात येतं. गेल्या वर्षी एका संध्याकाळी मी सतरा वेळा सुरुवात केली होती, दिवा विझून गेला तरी मी तिथेच. त्यामुळे डॉक्टरांनीच सांगितलंय की तेवढ्यापुरतं थांबव. श्रद्धा गेलेली नाही हो, पण आजार त्यातही शिरतो.

देवळाली दादा, दहा मिनिटं हे अगदी बरोबर बोललात.

---

सातपूरचा_नवरा | 10 जून 2021

तुळसताई, मी पेशंट नाही, माझी मिसेस पेशंट आहे. त्यामुळे मी तुमच्या मिस्टरांसाठी लिहितो, त्यांना वाचायला द्या.

भाऊ, मी पण तुमच्यासारखाच दारात कपडे उतरवणारा. कंपनीतून आलो की भांडण नको म्हणून ती म्हणेल ते सगळं करायचो, मला वाटायचं आपण तिला सांभाळून घेतोय. गेल्या दिवाळीत आमच्या डॉक्टरांनी मला एकट्याला आत बोलावलं आणि सांगितलं की तुम्ही रोज आजाराला जेवू घालताय. फार लागलं तेव्हा. पण खरं होतं ते, आधी फक्त कपडे होते, मग चप्पल बाहेर, मग डबा बाहेर, मग मोबाईलला सॅनिटायझर, एक मान्य केलं की आठ दिवसांनी पुढचं यायचं.

आम्ही काय केलं तर एकदम सगळं बंद नाही केलं. तसं करू नका, मी आधी रागात एकदा केलं होतं आणि ती रात्रभर गॅलरीत बसून राहिली, ती चूक माझी. नंतर दोघांनी बसून, ती शांत असताना, रविवारी दुपारी, एक यादी केली की मी कशाकशात मदत करतो. बावीस गोष्टी निघाल्या. त्यातली सगळ्यात सोपी तिने निवडली, मी नाही. ती म्हणाली डबा. मग त्या आठवड्यात फक्त डबा आत यायला लागला, ओट्यावर, बाकी सगळं जुनंच. पहिल्या दिवशी ती ओट्याच्या त्या कोपऱ्याकडे पाठ करून स्वयंपाक करत होती. चौथ्या-पाचव्या दिवशी तिनेच तो डबा घासायला उचलला. मग पुढची गोष्ट. आता बावीसपैकी नऊ उरल्यात, एप्रिलमध्ये परत दोन वाढल्या होत्या, लाट होती, चालायचंच.

आणि ती विचारते ना, नीट धुतलं का, लागलं नाही ना कुठे, त्याला आमचं ठरलेलं वाक्य आहे, "हे आपलं ठरलंय, मी उत्तर देणार नाही, पण मी इथेच बसलोय." एवढंच म्हणायचं आणि खरंच बसायचं, मोबाईल काढायचा नाही.

---

मनोविकास_नाशिक | 11 जून 2021

मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे. इथे कोणावर उपचार करत नाही, ते समोरासमोर किंवा व्हिडिओवरच होतात, पण प्रश्न फार महत्त्वाचा आहे म्हणून सविस्तर लिहिते. आधी एक सांगते, या साथीत सगळ्याच ओसीडी पेशंटचं वाढलं असं नाही. काहींचं वाढलं, काहींचं आहे तिथेच राहिलं. तुमचं वाढलं यात तुमची हार नाही.

तुळस, तुम्ही विचारलंत कशावरून ठरवायचं. मनावरून ठरवायचं नाही, एवढंच उत्तर आहे. ओसीडीत "आता झालं, पुरे" हे सांगणारी आतली घंटा वाजतच नाही. म्हणून तुम्ही स्वच्छ वाटेपर्यंत धुता आणि ते वाटणं येतच नाही. त्यामुळे माप बाहेरून आणायचं. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेची सूचना घ्या, त्यात साबणाने 20 सेकंद आहे, पाच मिनिटं नाही. कधी धुवायचे तेही साधं आहे, बाहेरून आल्यावर, जेवणाआधी, स्वयंपाकाआधी, संडासहून आल्यावर, शिंकल्या-खोकल्यावर, मास्क हाताळल्यावर. एकदाच. घरातल्या घरात कपाटाला, रिमोटला, मुलाला हात लागला म्हणून नाही. हे एका कागदावर लिहून बेसिनच्या वर चिकटवा आणि खाली तारीख घाला. त्यापेक्षा कमी नको, जास्तही नको. आणि तो कागद रात्री अकरा वाजता घाबरलेल्या मनाने बदलायचा नाही, सूचना बदलल्या तरच बदलायचा, तोही थेरपिस्टशी बोलून. सगळ्यांनी धुवा म्हणजे तुम्ही दुप्पट धुवा असा अर्थ होत नाही, तुमच्या वाटणीला तेवढेच 20 सेकंद आहेत.

दुसरं म्हणजे वस्तूंचं. त्याच सीडीसीने या एप्रिलमध्ये सांगितलंय की विषाणू असलेल्या पृष्ठभागाला एकदा हात लागला तर त्यातून संसर्ग व्हायची शक्यता 10,000 त 1 पेक्षा कमी आहे. हा आजार मुख्यतः श्वासातून पसरतो. म्हणजे मास्क आणि उघडी खिडकी यांनी जे काम होतं ते पावतीचा कागद जाळून होत नाही. पण थांबा, हा आकडा एकदा वाचा आणि सोडून द्या. रोज दहा वेळा काढून वाचायला लागलात तर तोही हात धुण्यासारखाच होईल, ओसीडीला धीर देणारी कुठलीही गोष्ट चालते. फळं-भाज्या साबणाने धुवू नका हे तर आपल्याच एफएसएसएआयने, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा संस्थेने, सांगितलंय. द्राक्षांचा घोस नळाखाली धरला, चोळला, निथळला, झालं.

ईआरपी साथीच्या काळात करता येते का असं मला गेल्या वर्षभरात खूप जणांनी विचारलं. येते, फक्त पायऱ्या बदलतात. आत्ता बसच्या दांड्याला हात लावून वडापाव खाणं मी कोणालाच सांगणार नाही. मास्क काढून गर्दीत जाणं म्हणजे एक्सपोजर (भीतीला मुद्दाम सामोरं जाणं) नाही, तो निष्काळजीपणा झाला. पण गॅलरीतला हँगर आत आणणं, दुधाची पिशवी एकदा पाण्याखाली धरून फ्रिजमध्ये ठेवणं, मिस्टर आंघोळ करत असताना बाथरूमबाहेर उभं न राहता दुसऱ्या खोलीत बसणं, ही सगळी चांगली एक्सपोजर्स आहेत आणि यात धोका वाढत नाही. एकदम जमत नसेल तर धुणं पुढे ढकला, आधी दोन मिनिटं, मग पाच, मग पंधरा. भीती लाटेसारखी वर जाते आणि तुम्ही काहीच केलं नाहीत तरी खाली येते. तुम्हाला हे माहितीये, तुम्ही सीबीएसवर केलंय ते, शरीर विसरलेलं नसतं.

गोळ्यांबद्दल, जुन्या चिठ्ठीवर चालवू नका आणि स्वतःहून बंदही करू नका. ओसीडीला त्याच गोळ्यांचा डोस डिप्रेशनपेक्षा बऱ्याचदा जास्त लागतो आणि परिणाम दिसायला 8 ते 12 आठवडे जातात, हे सायकियाट्रिस्टने बघून ठरवायचं असतं. मार्च 2020 पासून व्हिडिओवर तपासायला नियमांनी परवानगी आहे, त्यामुळे नाशिकमध्ये जागा मिळाली नाही तरी पुण्या-मुंबईच्या डॉक्टरांशी घरून बोलता येतं. तुमच्या आधीच्या मॅडमना पण एकदा फोन करून बघा, त्या गाव सोडून गेल्या म्हणजे काम सोडलंय असं नाही. फार घुसमटलं तर मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन करा. जगणं नको असं मनात आलं तर मात्र थांबायचं नाही, त्याच दिवशी घरच्यांना सांगून दवाखाना गाठायचा.

हाताच्या भेगा त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा, तोपर्यंत प्रत्येक धुण्यानंतर व्हॅसलीन. आणि घरात फरशी पुसायला हायपोक्लोराइट वापरत असाल तर ते संडास साफ करायच्या ॲसिडमध्ये कधीही मिसळू नका, क्लोरीन वायू निघतो. गेल्या वर्षी माझ्या दोन पेशंटनी बंद बाथरूममध्ये हे केलंय.

राहिला तुमचा मुलगा. तळवे दाखवून विचारतो म्हणजे त्याला ओसीडी झाला असं नाही. घरातला नियम तो शिकलाय, एवढंच. तो विचारेल तेव्हा "हो, स्वच्छ आहेस" म्हणू नका आणि "नाही" पण म्हणू नका. नळ बंद करा आणि त्याचे ओले हात हातात घ्या. तुमचंही एक्सपोजर होईल त्यात.

---

तुळस_इंदिरानगर | 11 जून 2021

मॅडम, शेवटचं वाचून खूप रडले. कागद लिहिला, आजची तारीख घातली. मिस्टरांना सातपूरच्या दादांचं वाचायला दिलं, ते काही बोलले नाहीत, पण रात्री विचारलं, "आपली यादी कधी करायची?"

---

देवळाली_लोकल | 12 जून 2021

मॅडम, माझ्या ऑक्सिमीटरसाठी पण हाच नियम का?

---

मनोविकास_नाशिक | 12 जून 2021

तोच. डॉक्टरांनी वडिलांचं बघायला सांगितलं होतं, तुमचं नाही. आणि आता वडील बरे आहेत, म्हणजे सांगितलेलं काम संपलं. मशीन शेजाऱ्यांकडे ठेवायला द्या, गरज पडली तर पाच मिनिटांत मिळेल असं. वही पण द्या.

---

तुळस_इंदिरानगर | 20 फेब्रुवारी 2022

आठ महिन्यांनी येतेय, कोणी वाचतंय का माहीत नाही. जुन्या मॅडमना फोन केला होता, त्यांनी व्हिडिओवर घ्यायला सुरुवात केली, दर बुधवारी. इथल्याच एका डॉक्टरांनी गोळीचा डोस वाढवला, दहाव्या आठवड्यात कुठे मला जाणवलं की सकाळी उठल्या उठल्या पहिला विचार नळाचा नाहीये. आमची यादी एकोणीसची निघाली. आता सहा राहिल्यात. बाथरूमबाहेर उभं राहणं सगळ्यात शेवटी सुटलं, मी पलीकडच्या खोलीत उशी घट्ट धरून बसायचे आणि आतून पाण्याचा आवाज ऐकून मनातल्या मनात मोजायचे, मग मॅडम म्हणाल्या मोजणं पण धुणंच आहे, रेडिओ लावून बस.

लस घ्यायला गेले तेव्हा खुर्चीवर बसवेना. उभ्यानेच घेतली पहिली. दुसऱ्या वेळी बसले.

जानेवारीत ओमायक्रॉनच्या लाटेत मिस्टर पॉझिटिव्ह आले, सात दिवस वेगळ्या खोलीत. मला वाटलं होतं आता सगळं परत पहिल्यापासून. तीन दिवस वाईट गेले, हात पंचवीसच्या वर गेले, एकदा रात्री कागदावरचे 20 खोडून 40 करायला पेन पण उचललं होतं. सासूबाई पाणी प्यायला उठल्या होत्या, त्यांनी बघितलं, काही विचारलं नाही, पेन हातातून घेतलं आणि मला चहा टाकून दिला. कागदावर अजून 11 जून 2021 च आहे.

हात काल नऊ वेळा. भेगा भरल्यात, डाव्या अंगठ्याजवळ एक व्रण राहिलाय. पूर्ण बरी आहे असं म्हणणार नाही, हँगर आत आलाय पण त्यावर अजून मी फक्त माझाच टॉवेल अडकवते.

आज रविवार कारंज्यावरून अर्धा किलो द्राक्षं आणली. घोस नळाखाली धरला, एकदा फिरवला, चाळणीत ठेवला. मी हात पुसेपर्यंत पोराने चाळणीतूनच चार मणी तोंडात टाकले, ओलेच, आणि परत खेळायला पळाला. काही विचारलं नाही त्याने.

देवळाली दादा, तुमच्या ऑक्सिमीटरचं काय झालं ते लिहा. शेजाऱ्यांकडेच आहे ना?